रोहितांचा ताळेबंद

पक्षी बघायचे तर पहाटे साडेतीनला उठायचं, हा नियम कोणी केला हे पक्ष्यांनाही ठाऊक नसावं. उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित, म्हणजे पेपरवाले दर हिवाळ्यात ज्यांचा फोटो पहिल्या पानावर छापतात ते फ्लेमिंगो, सकाळी सातला ज्या चिखलात उभे असतात त्याच चिखलात दुपारी बारालाही उभे असतात. मामींनी हा मुद्दा आदल्या रात्रीच मांडला होता. "अहो, त्यांना काय आठ-बाराची लोकल पकडायचीय?"

पण मामा बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. गिऱ्हाइकाच्या आधी काउंटरवर हजर राहायची उभ्या जन्माची सवय. निवृत्तीनंतर मोजायला नोटा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी पक्षी मोजायला घेतले. त्यासाठी मोबाइलवर 'ई-बर्ड' घेतलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २००२ साली सुरू केलेलं हे जगभरच्या पक्ष्यांचं खातेपुस्तक. कुठे, किती वाजता, किती मिनिटं, किती किलोमीटर, कोणता पक्षी, किती नग, सगळं त्यात भरायचं. मामा म्हणतात, "इतकं चोख व्हाउचर मी आमच्या शाखेतही पाहिलं नाही."

तर मामा, मामी, मी आणि जावईबापू असे आम्ही निघालो. गाडी जावईबापूंची. मांडीवर घ्यायच्या लायकीची त्यांची कॅमेऱ्याची लेन्स मागच्या सीटवर माझ्या मांडीवर. मामींच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. मामांच्या मांडीवर वही, कारण मोबाइलवर विश्वास असला तरी कच्ची नोंद हातानं व्हायला हवी.

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण शंभरेक किलोमीटर. गळिताचा हंगाम असल्यानं यवतच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही आणि पुढे लावणी कर्णा फाटेस्तोवर चालू. या गदारोळातही मामांची नजर तारांवर. उजाडल्यावर पाटसच्या आसपास ते एकदम ओरडले, "थांबवा! चास!"

जावईबापूंनी करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रॉलीवाल्यानं आमच्या कुळाचा उद्धार केला. तारेवर एक मातकट, मान आखडून बसलेला पक्षी होता. मामी म्हणाल्या, "यासाठी थांबलो?" तेवढ्यात तो उडाला आणि पंखांत निळ्या रंगाचे दोन पट्टे असे लख्ख उघडले, की मामींचा धपाट्याचा घास हातातच राहिला. चास म्हणजेच नीलकंठ. दसऱ्याला याचं दर्शन शुभ. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात याची संख्या चांगलीच घटल्याचं आढळलं, आणि त्याला धोक्याच्या यादीत घालायचं का ते नव्यानं तपासा, अशी शिफारस झाली. तो अहवाल कशावर उभा आहे, तर मामांसारख्या तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या नोंदींवर. मामांनी वहीत लिहिलं : चास, १. आणि मामींकडे असं पाहिलं, की अहवाल जणू त्यांच्या सहीनंच निघाला होता.

कुंभारगावात पोचलो तर काठावर आमच्याआधी फोटोग्राफर हजर. ही जमात पक्ष्यांपेक्षा पाहण्यासारखी. अंगात पानापानांचे जंगली कपडे, टोपीला पानं, लेन्सलासुद्धा पानांचं झबलं. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून हा सारा खटाटोप. मग होडीवाला येतो आणि सगळ्यांच्या गळ्यात भडक नारिंगी लाइफ जॅकेट घालतो. अर्ध्या मैलावरच्या टिटवीलाही दिसेल असा तो नारिंगी. एकमेकांना ते "काही मिळालं का?" असं विचारतात. पाणी उपसून जाळं ओढणारा कोळीदेखील इतक्या आशेनं विचारत नसेल.

आमचे होडीवाले दादा मुळात मासेमारच. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं, गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळही गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की ते देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. शेतं बुडाली त्या पाण्यावर मासेमारी आली, आणि माशांच्या मागे पक्षी अन् पक्ष्यांच्या मागे आम्ही. दादांना प्रत्येक पक्ष्याचं इंग्रजी नाव पाठ. आम्ही चितमपल्लींचा पक्षीकोश चाळून 'चित्रबलाक, चित्रबलाक' करत होतो आणि दादा बांबूनं होडी ढकलत सांगत होते, "पेंटेड स्टॉर्क. पलीकडं स्पूनबिल. त्यो एकटा बसलाय त्यो ग्रे हेरॉन, त्याला गर्दी खपत न्हाई."

दिशा सांगण्याची पक्षीनिरीक्षकांची एक पद्धत आहे. होडीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरायचं. जावईबापूंनी हळूच सांगितलं, "दोन वाजता, नदी सुरय."

मामींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आत्ता साडेसात झालेत. दोनपर्यंत पाण्यातच बसायचंय?"

मग रोहित आले, म्हणजे आम्ही त्यांच्यापर्यंत आलो. दादांनी बांबू रोवला आणि होडी थांबवली. त्याहून जवळ ते नेत नाहीत आणि नेऊही नये. उथळ पाण्यात गुलाबी-पांढरी रांग. त्यांचं जेवण बघत राहावं. मान खाली सोडायची, चोच उलटी करायची, म्हणजे वरची बाजू खाली, आणि जागच्या जागी पाय आपटत गोल फिरायचं. तळाचा गाळ ढवळला जातो, जाड जीभ भराभर पाणी ओढते अन् फेकते, चोचीच्या कडेच्या जाळीत शेवाळ आणि बारीक किडे अडकतात. त्या खाण्यातूनच अंगावर गुलाबी चढतो. पिल्लं राखाडी असतात. "म्हणजे खाल्लेलं अंगी लागतं," मामी जावईबापूंकडे पाहून म्हणाल्या. जावईबापू सडपातळ आहेत.

मामांनी मोजणी सुरू केली. पद्धत शास्त्रशुद्ध : आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्यायचं, तेवढ्या जागेचे गठ्ठे करायचे, दहाचे शंभर, शंभरचे हजार. नोटांच्या बंडलात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सोपं. अडचण रोहितांची होती. डोकी मोजावीत तर निम्मी पाण्याखाली. पाय मोजून दोनानं भागावं तर झोपलेले सगळे एका पायावर.

"तीनशे चाळीस," मामा म्हणाले.

"मला पाचशे तरी वाटतात," मी म्हणालो.

"वाटतात? कॅशमध्ये वाटणं नसतं."

दुसऱ्यांदा मोजताना मामा दोनशे साठपर्यंत आले असतील, तेवढ्यात पाणथळीवरचा भोवत्या गवतावरून खालून खालून तरंगत आला. हा शिकारी रोहितांच्या वाटेला जात नाही, पण वारकरी पक्ष्यांचा थवा त्याला पाहून पाणी तुडवत पळाला, थापट्या बदकं उठली, शेकाटे लाल पाय मागे लोंबकळत किंचाळत उडाले, आणि त्या बोंबाबोंबीत रोहितही उठले. पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला. मी दुर्बीण खाली ठेवली, कारण एवढं दृश्य दुर्बिणीत मावत नाही. मामींनी चक्क हात जोडले. जावईबापूंचा कॅमेरा खाडखाड चालला होता. मामा मात्र कळवळून ओरडत होते, "अरे बसा! बसा की! दोनशे साठ झाले होते!"

ई-बर्डवर आकडा नको असेल तर नुसती फुली मारता येते. म्हणजे पक्षी दिसला, मोजला नाही. मी ते सुचवलं. मामांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी बनावट नोट घेऊन आलेल्या माणसाकडे पाहिलं असेल.

रोहित बसेपर्यंत जावईबापूंनी मोठा शोध लावला. दूर पाण्यात रोवलेल्या काठीवर काळसर, ताठ बसलेला एक पक्षी. "बहिरी ससाणा," ते गंभीरपणे म्हणाले. "पेरेग्रीन. जगातला सर्वांत वेगवान." होडीत शांतता पसरली. मामांनी पुढे वाकून दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

दादांनी घसा खाकरला. "सायेब, ती आमच्या चुलत्याच्या जाळ्याची खूण हाय. काळी पिशवी बांधलीय."

आता पेच आला. जावयाचा शब्द खाली कसा पाडायचा? वाऱ्यानं पिशवी हलली. जावईबापू म्हणाले, "पाहिलंत, पंख झटकले." मामींनी तातडीनं धपाटे काढले. "जावईबापू, आधी खाऊन घ्या, उन्हानं असं होतं." आणि मामांनी आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून वहीच्या कडेला लिहिलं : बहिरी ससाणा, १, सस्पेन्स खाते.

हे सस्पेन्स खातं ई-बर्डवर खरोखर आहे, आणि ते सापडलं त्या दिवशी मामांना फार समाधान झालं होतं. पक्षी नक्की ओळखू आला नाही तर 'अमुक कुळातला कोणीतरी' अशी नोंद करता येते. पाणथळीच्या काठानं धावणारे तपकिरी तुतवार बहुधा तिथेच जमा होतात. त्या दिवशीही एक जमा व्हायच्या बेतात होता. दगडावर बसलेला, वरून तपकिरी, खालून पांढरा. मी म्हटलं हिरवा तुतवार, जावईबापू म्हणाले ठिपकेवाला. पुस्तक निघालं, पानं वाऱ्यानं उलटली, होडी हलली.

"तो सारखा ढुंगण काय हलवतोय?" मामींनी विचारलं.

आम्ही तिघं गप्प झालो. साधा तुतवार बसल्या जागी पार्श्वभाग एकसारखा वरखाली नाचवत राहतो. खांद्यापुढे, मिटलेल्या पंखाच्या कडेला, पांढऱ्या रंगाची पाचर वर चढलेली असते. पाहिलं तर ती होती. ठिपकेवाला असता तर पाठ ठिपक्यांनी भरलेली दिसली असती आणि डोळ्यावर पांढरी भुवई. मामींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण लहानपणी विहिरीवर बसून धोबी पक्ष्याची शेपटी बघण्यात ज्यांचे तास गेले, त्यांना पुस्तक हातात नसतं म्हणून पक्षी दिसतो, असं माझं मत होत चाललं आहे. मामांनी नोंद पक्क्या खात्यात घेतली. 'ओळख : सौ.' असा शेराही मारला. सालीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारल्या आणि त्याचं टिपण करून ठेवलं. ते टिपण पुढे छापूनही आलं. मामींचं ढुंगणावरचं टिपण छापून यायला काय हरकत आहे?

परतताना काठावरच्या गवतात पट्टकदंब दिसले. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या असलेले राजहंसाच्या जातीचे पक्षी. तिबेट-मंगोलियाकडे वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून इकडे येतात. अंगावर यंत्रं बसवून अभ्यास केला तेव्हा काही सात हजार मीटरच्याही वर उडताना आढळले.

"आणि एवढं येऊन इथं काय करतात?" मामी.

"चरतात. गवत, शेतातलं कोवळं पीक."

"आमच्याकडचे पाहुणे तेच करतात," दादा म्हणाले आणि बांबू उचलला.

काठावर उतरताच मामांनी यादी बंद केली. रोहित चारशे दहा ठरले. मोबाइलनं ताबडतोब विचारलं, हा आकडा मोठा वाटतो, खुलासा करा. मामा खूश झाले. लेखापरीक्षकाची हरकत आली म्हणजे खातं कोणीतरी वाचतंय. त्यांनी खुलाशात गठ्ठ्यांची पद्धत, होडीचं अंतर, भोवत्याचा व्यत्यय, सगळं लिहिलं. पुढचा प्रश्न : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? हा प्रश्न या सगळ्या खटाटोपाचं मर्म आहे. पूर्ण यादी दिली तरच काय दिसलं नाही तेही अभ्यासकांना कळतं. म्हणून कावळा, साळुंकी, पारवा यांनाही त्यात रोहितांइतकाच मान.

"कावळा लिहिलात?" मी विचारलं.

मामांनी वही चाळली. चार. पाठवलं.

जेवायला दादांच्याच घरी. उजनीच्या काठी रोहित बघायचे आणि रोहू खायचा, असा रिवाज आहे. मामींनी मात्र चिलापी मागवली. तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी, रस्सा असा की जावईबापूंच्या डोळ्यांतून पेरेग्रीन निघून गेला. मी दोन भाकऱ्या आणि माशाच्या डोक्याशी झगडत होतो. दादांच्या घरच्या ताई वाढता वाढता म्हणाल्या, "काय काय बघितलं?"

मामांनी डाव्या हातानं वही धरून यादी वाचली. ताईंनी ऐकून घेतली, रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "आन् पिंगळा?"

"पिंगळा कुठे?"

"ह्यो काय, मागल्या बाभळीच्या ढोलीत. दोघं असत्यात. रोज तुमच्यासारख्यांकडं बघत बसत्यात."

मामा ताटावरून उठले. मामी म्हणाल्या, "अहो, यादी पाठवली ना तुम्ही?"

"दुसरी उघडतो. एका जागी उभं राहून, पाच मिनिटं."

"आधी जेवा की, मामा," ताई म्हणाल्या, "ते कुठं जात्यात? संध्याकाळपर्यंत तिथंच असत्यात."

मामा तोवर उष्ट्या हातानं बाभळीखाली पोचले होते आणि मला ओरडून सांगत होते, "मोबाइल आण! आणि येताना त्या भिंतीवरचा कावळा मोज, एक आहे की दोन?"

कावळा एकच होता. मामांच्या ताटातली चिलापी घेऊन तो निघाला होता.