टाय वरणात बुडतो

धुळ्याला आमच्या साडूभाऊंचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. एका कंपनीच्या कपाशीच्या बियाण्याचं टारगेट त्यांनी यंदा पूर्ण केलं (ते बियाणं पेरणाऱ्यांचं काय पूर्ण झालं, हा वेगळा विषय आहे) आणि कंपनीने खूश होऊन डीलरांना बोटीची सहल जाहीर केली. मुंबईहून निघायचं, गोव्याकडे जायचं, तीन रात्री बोटीवर. एरवी असल्या सहली बँकॉकला जातात आणि तिथे बायकोला न्यायची पद्धत नाही. या वेळी मात्र पत्रात 'दोन व्यक्ती' असं स्वच्छ लिहिलं होतं. मेहुणीला एसटीच्या मागच्या सीटवरसुद्धा मळमळतं. समुद्राचं नाव काढताच तिने हात जोडले. दुसरी व्यक्ती मी झालो. कंपनीच्या दप्तरी मी 'फर्मचे भागीदार' आहे. एवढं आपल्यातच राहू द्या.

खानदेशाला समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, धुळ्यात पांझरा आहे, जळगावात मेहरूणचा तलाव आहे. पाण्यापेक्षा पाण्याच्या बातम्या जास्त. त्यामुळे समुद्राची भीती वाटावी इतकी आमची त्याच्याशी ओळखच नव्हती. भीती सुरू झाली ती मोबाईलवर आलेल्या सूचनेने. रात्रीच्या जेवणाला स्मार्ट कॅज्युअल, शेवटच्या रात्री गाला डिनर, म्हणजे फॉर्मल. हाफ पँट, बनियन, लुंगी, स्लीपर आणि नाइट ड्रेस घालून जेवणाच्या हॉलमध्ये येऊ नये.

ताबडतोब साडूंच्या गोडाऊनमध्ये बैठक भरली. पारोळ्याचे एक, चोपड्याचे एक, साक्रीचे दोघे, यावलकडचे वयोवृद्ध आप्पा, आणि मी. युरियाच्या गोण्यांवर बसून आम्ही 'स्मार्ट कॅज्युअल'चा अर्थ लावायला घेतला. 'स्मार्ट' या शब्दाची सगळ्यांनीच धास्ती घेतली, कारण तो शब्द आमच्या माहितीत फक्त विजेच्या मीटरला लागतो, आणि तो मीटर बसवायचं म्हटलं की बिल वाढणार या भीतीने गल्ली गोळा होते. साक्रीकरांपैकी एकाचे भाऊ जिल्हा परिषद शाळेत गुरुजी. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, कॅज्युअल म्हणजे सी.एल.; तेव्हा स्मार्ट कॅज्युअल म्हणजे हुशारीने टाकलेली रजा. हा अर्थ सगळ्यांना पटला, पण तो घालायचा कसा ते कळेना.

आप्पा इतका वेळ तंबाखू मळत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अरे भाऊ, जेवाचं तोंडानं का कपड्यानं?"

प्रश्न साधा नाही. पुढचा महिनाभर मी त्याच्यावर वाचन केलं.

आधी त्या काळ्या कोटाचं बघा. ज्याला टक्सीडो म्हणतात आणि जो घातल्याशिवाय जुन्या बोटींवरच्या साहेबाला सूपसुद्धा गिळत नसे, तो कोट जन्माने घरगुती आहे. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या चिरंजीवांना रोज रात्री शेपटीवाला लांब कोट घालून जेवायचा कंटाळा आला. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीचं म्हणणं असं की १८६५ मध्ये त्यांनी आपल्याकडून एक आखूड, बिनशेपटीचा कोट शिवून घेतला, घरच्या घरी आरामात जेवण्यासाठी. पुढे १८८६च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क नावाच्या धनिकांच्या वसाहतीत पोचला आणि त्या वसाहतीचं नाव घेऊन जगभर फिरला. म्हणजे राजपुत्राने जी बंडी ऐसपैस बसण्यासाठी शिवली, ती आता आम्ही अवघडून बसण्यासाठी घालायची.

दुसरी गंमत कमरेची. त्या कोटाबरोबर पोटावर जो रेशमी पट्टा बांधतात त्याचं नाव कमरबंद. फारसीतून हिंदुस्थानीत आलेला आपल्या बाजारातला शब्द. इथल्या उन्हाळ्यात जाकिटाने जीव घाबरा झाला म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांनी पट्ट्यासकट उचलला. पायजमाही त्यांनी इथूनच नेला. डंगरी हे कापड आणि हे नाव तर मुंबईच्या डोंगरीचं. आता बोटीच्या नियमात पाहा: कमरबंद बांधला तर सभ्य, पायजमा घातला तर नाइट ड्रेस, डंगरी घातली तर कामगार. तिन्ही माल आपला, भाव त्यांनी ठरवला. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही.

साहेबाला नावं ठेवून हा लेख इथेच संपवता आला असता आणि वाचकही खूश झाले असते. पण जेवणाला कपड्याची अट घालणं आपल्याला साहेबाने शिकवलेलं नाही. आपल्याकडे अट उलटी होती. तो म्हणतो अंगात कोट घाल, आपण म्हणायचो सदरा काढ. सोवळ्याच्या पंगतीला शिवलेलं वस्त्र चालत नसे. रेशमी कद नाहीतर मुकटा नेसायचा, सुती धोतर असेल तर ते धुऊन, उंच वलणीवर काठीने वाळत घालून, कुणाचा हात न लागलेलं. त्यानंतर प्रश्न पंगतीचा. कुणी आधी बसायचं, कुणी नंतर, कुणी अंगणात आणि कुणी उष्ट्याची वाट बघत वेशीबाहेर. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांनी घेतलेल्या नुसत्या चहाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. बोटीच्या दारावरचा माणूस तुमचे बूट बघतो. आपल्या दारावरचा माणूस तुमचा बाप विचारत होता. बूट निदान विकत मिळतात.

बुटांवरून आठवलं. आमच्या घरी जेवणाच्या जागी कुणी बूट घालून आलं तर आई अजून लाटणं घेऊन उठेल. बोटीवर बूट न घालता गेलात तर तुम्हाला उठवतील. वयाची पन्नास वर्षं जे केलं तर मार बसला असता, ते करायला मी पैसे भरून बूट घेतले.

बायकांचा या बाबतीत हेवा वाटावा. साडीला कुठल्याच बोटीवर कुणी अडवत नाही. स्मार्ट म्हणा, फॉर्मल म्हणा, गाला म्हणा, काठ बदलला की काम झालं. सहलीला आलेल्या वहिनींची अडचण निराळी होती: तीन रात्री, तिन्ही रात्री फोटो, आणि फोटोत एकच साडी दोनदा दिसता कामा नये. पण तो नियम बोटीचा नव्हे, जावांचा आहे. तो बोटीच्या नियमाहून कडक आहे.

आता पुरुषांचे सूट. खानदेशात पुरुष आयुष्यात एकदाच सूट शिवतो, स्वतःच्या लग्नात. आणि लग्न असतं मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या घरात असताना. त्यामुळे कोट हे थंडीसाठी काढलेलं वस्त्र आहे, हे आमच्याकडे कुणाला कळूच शकत नाही. नवरदेवाला घाम फुटतो, लोक समजतात घाबरला. साडूंनी त्यांचा १९९३चा सूट काढला. पँट मांडीपर्यंत आली आणि थांबली. कोट खांद्यावर बसला, पण पुढची दोन टोकं एकमेकांकडे बघायला तयार नव्हती. मग आम्ही आग्रा रोडवरच्या शिंप्याकडे गेलो. मी नवा काळा कोट शिवायला टाकला, साडूंनी जुना उसवायला टाकला. शिंपी माप घेता घेता म्हणाला, "भाऊ, जेवाले जाई राह्यनात का लगीन लावाले?"

टाय की बो, यावर बैठकीत मतभेद होते. निकाल वरणाने लावला. टाय वरणात बुडतो. बो बुडत नाही. ताटावर वाकून जेवणाऱ्या माणसासाठी बो हीच शास्त्रशुद्ध गोष्ट आहे आणि इंग्रजाने ती वरण न खाता शोधून काढली, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. त्याच न्यायाने काळा कोट शेवभाजीला उत्तम. काळ्या मसाल्याची तर्री त्यावर दिसत नाही. चुकलं ते फक्त छातीवरचं पांढरं. तिथे नेमका थेंब पडतो.

बोट मोठी होती. लिफ्ट, दुकानं, पोहण्याचा हौद, सगळं. पहिल्याच रात्री मी हॉलमध्ये बघतो तर आमच्यातलं निम्मं खानदेश गायब. शोधत गेलो, तर साडूंच्या केबिनमध्ये पलंगावर वर्तमानपत्र अंथरून मंडळी बनियनवर बसलेली. मध्यभागी कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि पाच किलोच्या डब्यात शेव. मला लाज वाटली. मग लाज वाटल्याची लाज वाटली, कारण या जेवणाला फार मोठी परंपरा आहे.

सप्टेंबर १८८८ मध्ये अठरा वर्षांचा मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला. टायचा त्याला तिटकारा होता, आखूड कोट निर्लज्जपणाचा वाटत होता. समुद्र ओलांडतो म्हणून मोढ वाण्यांच्या जातपंचायतीने त्याला जातीबाहेर काढलं होतं. बोटीवर काटे-चमचे धरता येईनात, कशात मांस आहे ते विचारायचा धीर होईना. मग तो टेबलावर गेलाच नाही. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. प्रवासभर काळा सूट घातला आणि मित्रांनी दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. विलायतेला उतरला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता, आणि अख्ख्या धक्क्यावर पांढरे कपडे घातलेला तो एकटाच. हे सगळं त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९३१ मध्ये हाच माणूस राजपुताना बोटीने गोलमेज परिषदेला गेला तो पंचा नेसून. बरोबरच्या लोकांनी भरमसाट सामान घेतलेलं पाहून त्यातल्या पेट्या त्यांनी एडनहून परत पाठवल्या. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तिथेही पंचाच. कपड्याचा प्रश्न सुटायला त्यांना एवढी वर्षं लागली. आम्हाला कंपनीने तीन रात्री दिल्या होत्या.

शेवटची रात्र, गाला डिनर. मी काळ्या कोटात, साडू उसवून वाढवलेल्या कोटात, दोघांच्या गळ्यात बो. आमच्यापुढे आप्पा. अंगात पांढरा नेहरू शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, सगळ्याला कडक इस्त्री. मी हळूच म्हटलं, "आप्पा, पायजमा चालत नाही." ते म्हणाले, "मले चालते."

दारावर साताऱ्याकडचा एक पोरगा उभा होता. त्याच्या हातात नियमांचा कागद. त्याने आप्पांना पायापासून टोपीपर्यंत एकदा बघितलं. महाराष्ट्रात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, कुणाकडे न बघता दारातून आत शिरणारा माणूस कोण असतो, हे त्या पोराला कागदापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने कागद मागे लपवला. "या साहेब," म्हणाला आणि आप्पांना थेट पुढच्या मोठ्या टेबलावर नेऊन बसवलं. तिथे कंपनीचे साहेब आधीच सुटाबुटात बसले होते. त्यांना एक खुर्ची सरकावं लागलं. जेवण होईपर्यंत तिघांनी आप्पांबरोबर सेल्फी काढले. एकाने बदलीचा अर्ज दिला. आप्पांनी तो वाचून, घडी करून खिशात ठेवला आणि "बघतो" म्हणाले.

आम्ही दोघं कोपऱ्यात. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी साडूंचा बो बघून पापड मागितला. साडू उठले आणि घेऊन आले. गिऱ्हाईकाने हाक मारली की उठायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. बोटीवर ती कशी जाणार? बाईंनी मग लिंबूही मागितलं.

जेवणात पनीर होतं. हॉलमधला एसी मात्र असा होता की कोट कशासाठी असतो ते त्या रात्री प्रथमच कळलं. बाकी अटलांटिक ओलांडणाऱ्या क्वीन मेरी २ सारख्या बोटीवरही ज्यांना रात्री कपडे बदलायचे नसतात त्यांच्यासाठी बुफेचा हॉल वेगळा उघडा असतो. आमच्याही बोटीवर वरच्या मजल्यावर तसा एक होता, तिथे चपला चालत होत्या आणि वरण-भातही होता. हे आम्हाला मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर कळलं.

सांगायचं इतकंच की माझ्याकडे एक काळा कोट आहे. छाती बेचाळीस, एकदाच घातलेला, डाव्या खिशात थोडी शेव निघेल. यंदा ज्यांचं टारगेट पूर्ण झालं असेल, किंवा ज्यांच्या घरी लग्न असेल, त्यांनी जळगावला येऊन घेऊन जावा. भाडं नको, ड्रायक्लीन करून परत द्या. मुहूर्त मे महिन्यातला असेल तर मात्र नवरदेवाला आधी विचारा.