शाहू महाराज चालतात, मग लेकरू का नाही?

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई व नाना,

आम्ही चीनमधून लेकरू दत्तक घ्यायचं म्हणतोय हे कळल्यापासून तुम्ही लातुरात देव पाण्यात घालून बसलात. 2024 च्या सप्टेंबरात चीननं परदेशी दत्तकाचं दारच लावून घेतलं, तेव्हा नांदेडच्या मामांनी पेढे वाटले असणार. आता चीननं सूट ठेवलीय ती तीन पिढ्यांच्या आतल्या रक्ताच्या नात्यातलं किंवा सावत्र मूल घेणाऱ्यांनाच. म्हणजे मामांचं ‘घ्यायचंच तर भाऊबंदातलं घ्या’ हे बीजिंगनं जसंच्या तसं उचललं! पण एखादं सरकार त्यांच्या बाजूनं उभं राहिलं म्हणून मामांचं खरं ठरत नाही. लेकरू कोणाच्या पोटी आलं यापेक्षा कोणाच्या हातून वाढलं यावर ते कोणाचं ते ठरतं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

मामांचा पहिला मुद्दा असा की, चिन्यांची रीतच वेगळी. बघू या. तिकडं बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, गार पाण्याला हात लावत नाही, अंगाला वारा लागू देत नाही आणि आलं घातलेलं गरम गरम खाते. तिचे कान बांधून हातात डिंकाचा लाडू दिला तर उदगीरची म्हणून सहज खपेल. बाळ वर्षाचं झालं की त्याच्यापुढं पुस्तक, लेखणी, पैसे मांडतात आणि ते कशावर झडप घालतं ते सगळी आळी बघते. आपल्या उष्टावणात दुसरं काय होतं? दोन्हीकडं आजाऱ्याला तांदळाची पेज, भेटल्यावर पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ राहता राहिला अभ्यास. त्यांच्या ‘गाओकाओ’ या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला 2024 मध्ये 1 कोटी 34 लाख मुलांनी नावं नोंदवली. यश मिळावं म्हणून आया लाल चिपाव हा पारंपरिक झगा घालून केंद्राच्या दारात उभ्या राहतात. लातूर पॅटर्नच्या आयांनी अजून तेवढं केलेलं नाही, पण कोणी सुचवलं तर नाही म्हणणार नाहीत.

दुसरा मुद्दा रक्ताचा. लातूर पॅटर्न ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयानं गाजवला, त्याच्या पाटीवरचं नाव कोणाचं? कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावांचं. ते 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. माहूरगडावरच्या अनसूयेनं तर परीक्षा घ्यायला आलेल्या तिन्ही देवांनाच लेकरं करून मांडीवर घेतलं, आणि मामा दरवर्षी त्या गडावर नारळ फोडतात. यावर ते म्हणतील की ती राजघराणी, त्यांना वारस पाहिजे होता, आणि दत्तकही नात्यागोत्यातून घेतलेले. कबूल. जुनं दत्तक गादीच्या सोयीसाठी होतं, आजचं लेकराच्या सोयीसाठी आहे. पण आमच्या म्हणण्याला त्यानं बळच मिळतं: सोय लेकराची बघायची तर रक्त बघायचं कारण उरत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी भूकंपानं हादरली, तेव्हा सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्थांनी त्या भागातली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. कोणाचं गोत्र विचारून नव्हे.

तिसरा मुद्दा मामांनी काढला नाही, पण तोच सगळ्यांत वजनदार आहे: लेकराला त्याच्या मातीतून उपटायचा अधिकार कोणी दिला? 1992 पासून 1 लाख 60 हजारांहून जास्त चिनी मुलं परदेशात गेली, त्यांतली निम्मी अमेरिकेत. त्यांत मुलीच फार, कारण एकाच अपत्याचा कायदा आणि मुलाचा हव्यास एकत्र आले. 2005 मध्ये हूनान प्रांतात अनाथालयांना बाळं विकणारी टोळीही पकडली गेली. हे ऐकून नाक मुरडण्याआधी शेजारच्या बीडचा 2011 च्या जनगणनेतला आकडा आठवा: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 807 मुली. चीनमध्ये मुलगी टाकली, आपल्याकडं येऊच दिली नाही. तेव्हा हा आक्षेप बाजाराला आणि ढिल्या कागदपत्रांना लागू पडतो, दत्तकाला नाही. त्यावर उपाय म्हणजे कडक तपासणी आणि लेकराला त्याचं मूळ न लपवता सांगणं. तपासणीत चीन कमी नव्हता. 2007 च्या नियमांत आईबापाचं वय 30 ते 50, मालमत्ता निदान 80 हजार डॉलर आणि उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, 40 च्या आत, अशा अटी होत्या. पोटी लेकरू व्हायला अशी अट असती, तर आपल्या भाऊबंदांतली निम्मी मंडळी जन्मालाच आली नसती.

आता चीनचं दार बंद, म्हणून आम्ही दिल्लीच्या ‘कारा’ या सरकारी दत्तक संस्थेकडे अर्ज करतोय. तिथं अनिवासी भारतीयांना देशातल्या आईबापांच्याच रांगेत धरतात. लेकरू नात्यातलं नसेल, जातही आम्ही विचारणार नाही. इथला समाजसेवक घरी येऊन अहवाल लिहील, त्यात घरच्या वडीलधाऱ्यांना या दत्तकाबद्दल काय वाटतं तेही येईल. तेव्हा तुमचा होकार लेखी पाठवा. मामांचाही पाठवा, फक्त त्यांना एकाच पानात लिहायला सांगा आणि पाठवण्याआधी नानांनी तो वाचून घ्यावा.

तुमचे,
लेक व सून