पांढरे पाय, लाल मोजे

२००४ च्या ऑक्टोबरात तुम्ही कुठे होतात, असं बोस्टनच्या माणसाला विचारावं लागत नाही. हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत तो ते स्वतःच सांगून मोकळा होतो. बहुतेकजण फेनवे पार्कात, म्हणजे रेड सॉक्सच्या बेसबॉलच्या मैदानातच होते म्हणतात. त्या मैदानात तेव्हा जेमतेम पस्तीस हजार माणसं मावत. पण आपण त्या रात्री तिथे होतो असं सांगणारे मला इतके भेटलेत, की निम्मे तरी चार्ल्स नदीत उभे राहून मॅच बघत असले पाहिजेत. उरलेल्यांपैकी कुणी बारमध्ये होतं, कुणी सासुरवाडीला, कुणी पोराला कडेवर घेऊन टीव्हीसमोर येरझारा घालत होतं. सगळ्यांचं सांगून झालं की नजरा माझ्याकडे वळतात.

"मी तळघरात होतो," मी सांगतो. "कपडे धूत."

नवख्या माणसाला हा विनोद वाटतो. माझ्या जुन्या घरमालकांना विचारा. त्यांच्या मते बोस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या विजयात डेव्हिड ऑर्टिझच्या खालोखाल वाटा माझा आहे, आणि तो मी तिथे नसण्याचा आहे.

समरव्हिलमधल्या एका तीन मजली लाकडी घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. तळमजल्यावर मालक, म्हणजे आजोबा आणि आजी. मॅच असली की त्यांच्या बैठकीच्या खोलीत गोतावळा जमे. माणसांची नावं लक्षात ठेवण्यात मी कच्चा. त्यामुळे मी त्यांना त्यांच्या खेळाडूंवरूनच ओळखायला लागलो. आजोबा टेड विल्यम्सवाले. त्यांचा मेहुणा कार्ल यास्ट्रझेम्स्कीवाला. त्या आडनावाचं स्पेलिंग लिहायला बसलं तर एक इनिंग जाते, म्हणून सगळे नुसतं 'याझ' म्हणत. लेक पेड्रो मार्टिनेझवाली. जावई मॅनी रामिरेझवाला, आणि त्याबद्दल त्याला घरात जरा सांभाळूनच घेत. कारण त्याच वर्षीच्या जुलैत मॅनीने, आपल्याच संघातल्या जॉनी डेमनने सीमेजवळून फेकलेला चेंडू मध्येच सूर मारून अडवला होता, आणि तेवढ्यात समोरचा फलंदाज सगळे बेस धावून घरी पोचला होता. आजींना आवडता खेळाडूच नव्हता. त्यांचं सगळं प्रेम न्यू यॉर्क यँकीजचा द्वेष करण्यात खर्ची पडलेलं होतं.

या मंडळींच्या आठवणी ऐकणं हा खरा कार्यक्रम. मॅच निमित्ताला. टेडवाल्या आजोबांची लाडकी गोष्ट १९४१ सालची. हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात दोन सामने, आणि टेडची सरासरी .३९९५५. तीन आकड्यांपर्यंत धरली तर .४०० भरते, म्हणून 'आज बसून राहिलास तरी चालेल' असं मॅनेजरने त्याला सुचवलं होतं. टेड दोन्ही सामने खेळला, आठ वेळा बॅटिंगला येऊन सहा हिट मारल्या आणि .४०६ वर थांबला. ही गोष्ट ऐकून माझ्यातला क्रिकेटवाला उफाळून आला. मीही ब्रॅडमनची गोष्ट रंगवून सांगितली. शेवटच्या डावात फक्त चार धावा हव्या होत्या, शून्यावर गेला, सरासरी ९९.९४ वर अडकली. खोलीत शांतता पसरली. मग याझवाल्याने विचारलं, "मग उरलेल्या चार दुसऱ्या दिवशी काढल्या का?"

त्या घरातला इतिहास म्हणजे भाऊबंदकीचा दावाच होता. १९१८ नंतर अजिंक्यपद नाही. १९१९ संपता संपता संघाच्या मालकाने बेब रूथला यँकीजना विकलं, त्याचा शाप. १९८६ ला बिल बकनरच्या दोन पायांमधून चेंडू गेला, तोही शाप. २००३ ला अकराव्या इनिंगमध्ये आरन बूनने होमरन मारून घरी पाठवलं, तोही शापच. आजी ही यादी इतक्या शांतपणे सांगत, की शेवटी ऐकणाऱ्यालाच आपण कुणाला तरी काहीतरी विकल्यासारखं वाटे.

मी त्या बैठकीत पहिल्यांदा पूर्ण वेळ बसलो तो १६ ऑक्टोबर २००४, शनिवार. सात मॅचेसच्या मालिकेत यँकीजने पहिल्या दोन जिंकल्या होत्या आणि तिसरी आता फेनवेवर होती. आईने पाठवलेला चिवडा मी वाटीत घालून घेऊन गेलो. चिवडा संपला, पण यँकीजच्या धावा संपेनात. निकाल १९-८. चारपैकी चार जिंकल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं, आणि तीन-शून्यवरून मालिका जिंकल्याचं बेसबॉलमध्ये तोवर एकही उदाहरण नव्हतं. जाताना आजींनी वाटी धुऊन परत दिली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रविवारी बोलावणं आलं ते आजोबांचं. आजींचं नव्हे, हे मला उशिरा कळलं. मी सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच तिसऱ्या इनिंगमध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने होमरन मारला. दोन-शून्य. पाचव्या इनिंगला मला मशीनमधले कपडे आठवले, म्हणून मी तळघरात जाऊन आलो. वर आलो तर बोस्टन तीन-दोन पुढे. मी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा त्याच जागी बसलो. सहाव्यात यँकीजने दोन धावा काढल्या.

खोलीत कुणीच काही बोललं नाही. पण आमच्या घरी वन-डे मॅचला सचिन आऊट झाला की ज्या नजरा माझ्याकडे वळत, त्या मी कुठेही ओळखीन. 'हा उठला होता का मध्ये?' हा प्रश्न मला पाचवीपासून ऐकून माहीत आहे. पांढऱ्या पायाचा म्हणून माझी ख्याती पुण्यात होतीच. ती समुद्र ओलांडून विसाशिवाय बोस्टनला पोचली होती.

आजोबांनी घसा खाकरला. "तुझे कपडे वाळले असतील बघ."

"आत्ताच ड्रायरला लावलेत. तासभर तरी लागेल."

"मग तासभर बस तिथेच," आजी म्हणाल्या. "खुर्ची आहे."

तळघरात एक बॉयलर, एक वॉशिंग मशीन, एक ड्रायर आणि बागेतली घडीची खुर्ची. खिडकीच्या फटीशी धरला तर मोबाइलला रेंज येई. मध्यरात्र झाली होती, म्हणजे भारतात साडेनऊ. चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा पाचवा दिवस सुरू व्हायचा होता. कुंबळेने मॅचमध्ये तेरा विकेट काढल्या होत्या, सेहवागने दीडशतक ठोकलं होतं, आणि आपल्याला जिंकायला २१० धावा हव्या होत्या. दहाच्या दहा विकेट हातात. वर घुसता येत नाही तर निदान ही तरी मॅच ऐकावी, म्हणून मी कॉलिंग कार्डवरून पुण्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, "पाऊस पडतोय. तू कुठे बसलायस?"

"तळघरात."

"मग जरा बाहेर जाऊन बघ ना, थांबतो का."

इकडचे म्हणत आत बस, तिकडचे म्हणत बाहेर जा. पांढऱ्या पायांना दोन देशांत एकाच वेळी मागणी मी तरी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलेली नाही.

तेवढ्यात छत थरारलं. काय झालं ते मला पुढे शंभर तोंडांनी ऐकायला मिळालं, पण त्या क्षणी माझ्याकडे फक्त आवाज होते. नवव्या इनिंगला बोस्टन एका धावेने मागे. समोर मारियानो रिव्हेरा. हा माणूस चेंडू हातात घेऊन आला की समोरच्या संघाचे प्रेक्षक गाडीच्या किल्ल्या चाचपतात. त्याने केव्हिन मिलरला वॉक, म्हणजे फुकटात पहिला बेस दिला. मिलरच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो बेस चोरणार हे मैदानातल्या पॉपकॉर्नवाल्यालाही माहीत होतं. रिव्हेराने तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकून त्याला मागे पळवलं. मला वरून तीनदा 'हाऽ' ऐकू आलं आणि तीनदा पावलं थबकली. मग रॉबर्ट्स पळाला. कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता, दुसऱ्या बेसवर जीटरचा हातही वेळेवर खाली आला, आणि तरीही रॉबर्ट्स वीतभराने वाचला. बिल म्युलरने लगेच हिट मारली, रॉबर्ट्स घरी, चार-चार. वरच्या धांगडधिंग्याने तुळयांमधली कित्येक वर्षांची धूळ माझ्या धुतलेल्या शर्टांवर उतरली.

मला राहवेना. मी जिना चढून दार उघडलं.

"खाली जा!" पाच जणांनी एका सुरात सांगितलं. त्यात आजोबाही होते.

बाराव्या इनिंगला ऑर्टिझने दोन धावांचा होमरन मारून मॅच संपवली तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. वर नाच चालला होता. खाली मी शर्ट परत मशीनमध्ये टाकत होतो. चेन्नईत पाऊस थांबला नाही, पाचव्या दिवशी एकही चेंडू न पडता कसोटी अनिर्णित राहिली. भावाने त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. बराच वेळाने मंडळींना माझी आठवण झाली. आजोबा स्वतः खाली आले, माझे दोन्ही खांदे धरले, त्यांना बोलवेना. शेवटी म्हणाले, "उद्या संध्याकाळी पाच वाजता. इथेच."

दुसऱ्या दिवशी माझी व्यवस्था सुधारलेली होती. घडीच्या खुर्चीवर उशी, शेजारी थर्मास, अंगावर घ्यायला ब्लँकेट. रेडिओ मागितला तर वर दोन तट पडले. ऐकणं म्हणजे बघणं नव्हे, असं याझवाल्याचं मत. पेड्रोवालीने ते हाणून पाडलं. शिवाय आदल्या रात्री ऑर्टिझच्या फटक्याच्या वेळी ड्रायर चालू होता, ही गोष्ट जावयाच्या लक्षात आली. कपडे सगळे धुऊन झाले होते. तेव्हा एकच मोजा आत टाकून ड्रायर फिरवत ठेवायचं ठरलं. मॅच चौदा इनिंग्ज चालली, साडेपाच तासांच्या वर. मोजा इतका वाळला, की शेवटी तो उभा राहत होता.

मंगळवारी आणि बुधवारी खेळ यँकीजच्या मैदानावर गेला, पण माझं मैदान बदललं नाही. कर्ट शिलिंगच्या घोट्याला टाके घातले होते आणि त्याच्या मोज्यावर आलेलं रक्त सगळ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिलं. मी माझा मोजा पाहत होतो. सातव्या आणि शेवटच्या मॅचला डेमनने बेस भरलेले असताना होमरन मारला आणि बोस्टन आठ-एकने पुढे गेलं. आता काय बिघडणार, म्हणून मी जिन्यावर येऊन बसलो. सातव्या इनिंगला पेड्रो चेंडू टाकायला आला आणि दोन धावा देऊन बसला. दार धाडकन उघडलं. पेड्रोवाली दारात उभी, डोळ्यांत आग.

"तू तिसऱ्या पायरीवर काय करतोयस?"

निकाल १०-३. त्यानंतर सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या चारही मॅचेस बोस्टनने जिंकल्या आणि शहाऐंशी वर्षांनी अजिंक्यपद आलं. त्या शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. मला अंगणात यायची परवानगी मिळाली, कारण अंगणातून टीव्ही दिसत नाही. लालसर चंद्राकडे बघत असतानाच घरातून किंकाळ्या आल्या. ग्रहणात बाहेर उभं राहू नये असं आई सांगते, पण तिचा बेसबॉलचा अभ्यास नाही.

एवढ्यावर माझी हौस फिटायला हवी होती. उलट मी पक्का फॅन झालो. ज्या आठवडाभरावर लोक आयुष्यभर बोलतात, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. ते नंतर सीडीवर बघताना मला प्रत्येक आवाजाला चेहरा मिळत गेला. तुझा खेळाडू कोण, असं आता मला विचारलं की मी टिम वेकफिल्ड सांगतो. हा नकलबॉल टाकायचा. बोटांच्या टोकांनी, जवळजवळ फिरकी न देता सोडलेला संथ चेंडू. तो कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि झेलणाऱ्याला तर नसतंच. २००३ चा तो बूनचा होमरन याच्याच चेंडूवर गेला होता. २००४ च्या १९-८ वाल्या मॅचमध्ये, हरणारच आहोत तर उद्यासाठी बाकीच्यांचे हात वाचावेत म्हणून हा आपणहून मैदानात उतरला आणि चौथ्या मॅचची स्वतःची पाळी सोडून दिली. पाचव्या मॅचच्या शेवटच्या तीन इनिंग्ज त्यानेच टाकल्या. त्याची सवय नसलेल्या कॅचरच्या, जेसन व्हॅरिटेकच्या, हातून तेराव्या इनिंगमध्ये तीनदा चेंडू निसटला. आजींच्या त्या तीन आरोळ्या मी तळघरात मोजल्या होत्या, कारण काय ते न कळता. यँकीजची धाव मात्र झाली नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला वेकफिल्ड गेला. पेड्रोवालीचा मला मेसेज आला: 'तुझा माणूस गेला.' घरातल्या खेळाडूंच्या वाटणीत मला माझा हिस्सा मिळाल्याचं मला तेव्हा कळलं.

पण माझी खरी योग्यता ठरली २००७ ला. मी तोवर पुण्याला परत आलो होतो. बोस्टन क्लीव्हलँडविरुद्ध तीन-एकने मागे होतं. ऑक्टोबरात एका पहाटे सहाच्या आत फोन वाजला. आजींचा होता. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"तू कुठे आहेस?"

"बिछान्यात."

"मॅच सुरू होतेय. तळघरात जा."

आमच्या सोसायटीला तळघर नाही, मी चौथ्या मजल्यावर राहतो, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी आजोबांना फोन दिला. आजोबा म्हणाले, "जमिनीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा." मी हाफ पँटवर पार्किंगमध्ये येऊन वॉचमनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. फिरायला निघालेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बघितलं. काय प्रकार आहे, म्हणाले. क्लीव्हलँडला मॅच आहे, मी म्हटलं. ते वॉचमनकडे वळले आणि त्यांनी रात्री कोण कोण आलं-गेलं याची नोंदवही मागितली.

बोस्टनने ती मॅच ७-१ अशी मारली, मग उरलेल्या दोन, मग कोलोरॅडोविरुद्धच्या चारही. दिवाळीच्या आत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सूचना लागली, की सभासदांनी सकाळच्या वेळी पार्किंगमध्ये विनाकारण बसून राहू नये. खाली सेक्रेटरींची सही होती. 'विनाकारण' हा शब्द खोडावा, असा लेखी अर्ज मी दिलेला आहे.