भट्टीला कचरा कमी पडतो

कचरा कमी झाला तर महापालिकेला भुर्दंड! हवाईतल्या होनोलुलूत हे खरंच घडतं. तिथल्या ओआहू बेटावर 1990पासून एच-पॉवर नावाची भट्टी कचरा जाळून वीज तयार करते. बेटाच्या विजेचा जवळजवळ दहावा हिस्सा तिथून येतो, कचऱ्याचं आकारमानही नव्वद टक्क्यांनी घटतं. हे फायदे मला मान्य आहेत. पण शहराने भट्टी चालवणाऱ्यांना वर्षाला 8 लाख टन कचरा पुरवायची हमी दिली. तेवढा जमला नाही तर पैसे भरा. मग 2017 साली शहराच्याच लेखापरीक्षकांनी सुचवलं, की पुनर्वापरासाठी वेगळा काढलेला मालही भट्टीतच घाला, स्वस्त पडेल. ज्या घरांनी मन लावून डबे वेगळे ठेवले, त्यांच्या तोंडावर ही चपराक आहे.

याच बेटावर शतकानुशतकं दुसरी रीत चालत होती. डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंतचा पट्टा म्हणजे एक अहुपुआआ. त्याची देखरेख कोनोहिकी नावाच्या कारभाऱ्याकडे. ओढ्याचं पाणी पाटाने अळूच्या खाचरांत यायचं. हो, आपलंच अळू. तिथे त्याचा कंद हे मुख्य अन्न. एका खाचरातून दुसऱ्यात झिरपत, गाळ मागे टाकत ते पुन्हा ओढ्याला मिळायचं आणि किनाऱ्यावरच्या दगडी बांधाच्या मत्स्यतळ्यांत पोचायचं. खाचरातून वाहून आलेल्या कसावर तळ्यात शेवाळ वाढे, शेवाळावर मासे. जेवण ‘की’ नावाच्या झाडाच्या पानांत बांधायचं, पाणी भोपळ्यात भरायचं, चटया केवड्याच्या जातीच्या पानांच्या. टाकलेलं सगळं मातीत जिरायचं. पाणी नासवण्याला कडक बंदी होती. वरच्याने घाण केली तर खालच्याच्या ताटात ती उतरणार, आणि तो खालचा त्याचाच नातलग! 1848च्या जमीनवाटपाने हे पट्टे खाजगी मालकीत तुटले. पुढे उसाच्या मळ्यांनी ओढेच वळवून नेले.

त्यानंतर खालचा माणूस दिसेनासा झाला. 2010च्या सुमारास होनोलुलूने कचऱ्याचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून समुद्रापार वॉशिंग्टन राज्यात पुरायला पाठवायचं ठरवलं. तिथल्या याकामा या मूलनिवासी राष्ट्राने कोर्टात जाऊन ते अडवलं. हवाईच्या मूलनिवाशांच्या भूमीवरचा कचरा दुसऱ्या मूलनिवाशांच्या दारात टाकायचा हा बेत! सुमारे 20 हजार टन गठ्ठे ओआहूवरच कुजत पडले, शेवटी भट्टीतच गेले.

भट्टीची राख आणि न जळणारा माल वाइमानालो गल्च इथल्या खड्ड्यात जातो. तो पश्चिम किनाऱ्यावर आहे, जिथे मूळ हवाई लोकांची वस्ती दाट आहे. जानेवारी 2011च्या पुरात त्याच खड्ड्यातून सुया आणि दवाखान्यांचा कचरा वाहून समुद्रकिनाऱ्यावर आला.

सुधारणा होतात, नाही असं नाही. 2015पर्यंत हवाई राज्याच्या चारही प्रमुख काउंट्यांत दुकानातल्या प्लॅस्टिक पिशव्या बंद झाल्या. बाटली परत केली की 5 सेंट मिळतात. हेएइया इथलं सुमारे 800 वर्षं जुनं मत्स्यतळं स्थानिक तरुण बांध रचून पुन्हा उभं करताहेत. पण एका हाताने पिशवी बंद करायची आणि दुसऱ्या हाताने लाखो टन कचऱ्याची हमी द्यायची, हे एकत्र चालणार नाही. पुढच्या करारात किमान कचऱ्याचं कलम नको. आणि नवा खड्डा शोधताना पश्चिम किनाऱ्याचं नाव यादीतून आधीच खोडा. तिथल्या लोकांनी त्यांचा वाटा केव्हाच उचललाय.