किटलीचं वय

परदेशी जाऊन आलेला मराठी माणूस चॉकलेटं आणि फ्रिजला चिकटवायची लोहचुंबकं आणतो. आमच्या सोसायटीतले जुनेवाले काका जुनं आणतात. बँकेतून निवृत्त झालेत, मुलगा-सून लंडनला, हॅरोत. उन्हाळ्यात तिकडे जायचं आणि दर शनिवारी पोर्टोबेलो रोडवर उभं राहायचं, ही दोन्ही कर्तव्यं ते सारख्याच निष्ठेनं पार पाडतात. नातवाचा वाढदिवस शनिवारी आला तर केक संध्याकाळी कापतात.

शुक्रवारी बर्मंड्सी. तो बाजार भल्या पहाटे भरतो, त्यामुळे काका उठतात तेव्हा सून नुकतीच झोपलेली असते. असल्या खुल्या बाजारात दिवसाउजेडी घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी प्रामाणिक गिऱ्हाइकाचीच राहायची, असा कायदा इंग्लंडात शतकानुशतकं होता. १९९४ च्या कायद्यानं तो गेला. हे सांगताना काका इतके हळहळतात, की पार्लमेंटानं आधी त्यांना विचारायला हवं होतं असंच वाटावं.

कुठलीही वस्तू दिसली की काका ती आधी उलटी करतात. चांदीच्या पाठीवर चालता सिंह असेल तर ती हजारात ९२५ भाग खरी. ‘ईपीएनएस’ ही अक्षरं असतील तर नुसता मुलामा. बशीमागे देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतरची. विद्या खरी आहे, पण ती कुठे थांबवायची हे त्यांना कळत नाही. लोकांकडे चहाला गेले की कप उलटा करून बघतात. आमच्याकडे तर चहा संपायच्या आत केला.

गेल्या खेपेला त्यांनी तांब्याची किटली आणली. दुकानदार म्हणाला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, ८० पौंड. काकांनी आत डोकावून कल्हई पाहिली, तळाचा दातेरी सांधा बोटानं चाचपला, मनातल्या मनात नाचले आणि तोंडानं म्हणाले, “छे, ही तर परवाची वाटते.” आपल्याकडच्या जुन्या बाजारातल्या रिवाजाप्रमाणे निम्म्यानं मागितली. तिकडे अदबीनं विचारलं तर दहा-पंधरा टक्के सुटतात. शेवटी ७० ला सौदा झाला. तर दुकानात किटली परवाची होती. मुंबई विमानतळावर कस्टमच्या साहेबानं विचारलं, तर ती “मोडीतली हो, कोण घेतंय” अशी झाली. टॅक्सीत बसल्यावर शंभरी गाठली आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये चढली तेव्हा दीडशेची.

खरं सांगायचं तर मला काकांपेक्षा काकूंची बाजू पटते. याच घरात सासूबाईंचा तांब्याचा बंब होता, दोन माणसांना उचलावं लागणारं घंगाळ होतं. गीझर आला तसा काकांनी बंब मोडीत घातला, किलोच्या भावानं. घंगाळाच्या बदल्यात बोहारणीकडून स्टीलचे डबे आले. “त्यांनाही सांधे होतेच की हो,” काकू म्हणतात, “पण ते पौंडात नव्हते.” यावर काका किटली पुसायला घेतात. पुसतात मात्र कोरड्या फडक्यानं. चिंच लावून लख्ख केली तर वय उतरतं म्हणे. काकूंनी एकदा त्यांच्या नकळत लावली होती. काका दोन दिवस जेवले नाहीत.

परवा काकूंनी तोडगा काढला: किटली पुढच्या खेपेला मुलाकडे ठेवून येऊ, इथे धूळ पुसायला कुणाला वेळ आहे? काकांनी लगेच १९७२ चा पुरावस्तू कायदा बाहेर काढला. शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, पकडले तर तुरुंग!

“मग म्हणा की परवाची आहे,” काकू म्हणाल्या. “दुकानात म्हणालाच होतात.”

काका गप्प बसले. दुकानदारापुढे, कस्टमपुढे उतरवलेलं वय बायकोपुढे उतरवायला मात्र ते तयार झाले नाहीत. किटली शोकेसमध्येच आहे. परवा आमच्याकडचे पाहुणे ती बघायला गेले होते, तेव्हा ती एकशे सत्तर वर्षांची होती.