सहादाती

कुरवंड्यात कुठल्याही वस्तूला दोन किमती असतात. एक मालकाने सांगितलेली, दुसरी आबांनी काढलेली. पहिली ऐकायला बरी वाटते. व्यवहार दुसरीवर होतो.

आबा दलाल नाहीत. कुणी तसं म्हटलं तर हातातला चहा खाली ठेवतात, आणि आबांनी चहा खाली ठेवणं हा आमच्याकडे निषेधाचा शेवटचा मार्ग आहे. एरवी त्यांची फी तेवढीच: दोन कप. त्यात ते म्हैस, जुना ट्रॅक्टर, शर्यतीचा बैल आणि गावात मुलगी बघायला आलेला नवरदेव, सगळ्यांचा भाव काढून देतात. हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे २००२ साली पुरा झाला. त्याच्या बऱ्याच आधी त्यांनी आपली दीड एकर एका पाहुण्याला देऊन टाकली. त्या पैशात आज तिथल्या बंगल्याचं फाटकही येणार नाही. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा भाव चुकू द्यायचा नाही, असा वसाच त्यांनी घेतला.

अशा आबांपुढे एका भर पावसाळी सकाळी रिव्हॉल्वर आलं.

मावळात जमीन विकली की माणूस क्रमाने तीन वस्तू घेतो: मोठी गाडी, गळ्यात साखळी आणि लायसन मिळालंच तर कमरेला रिव्हॉल्वर. आमच्या दादांनी तिन्ही घेतल्या होत्या. आता गाडीचे हप्ते थकले. साखळी वहिनींच्या ताब्यात गेली. उरलं रिव्हॉल्वर. घेणारा पलीकडच्या वाडीतला. त्याचं लायसन नवंकोरं, कंबर अजून रिकामी.

"आधी लायसन. दोघांचीबी," आबा म्हणाले. ती पाहून झाल्यावर, "आता रिकामं कर. माझ्याम्होरं. आन् चापावरचं बोट काढ."

इथवर सगळं नियमाला धरून झालं. मग आबा म्हणाले, "आता दात बघू."

रिव्हॉल्वर मधोमध मोडलं, सिलिंडर उघडा पडला. आबांनी बोटाने खण मोजले. "सहादाती. अजून जुळायचंय. वयात हाय."

आबांचं सगळं शिक्षण चाकणच्या बैलबाजारात झालेलं. शस्त्रांबद्दलचा अधिकार मात्र ते आयएनएस शिवाजीच्या शेजारातून सांगतात. १९४५ पासून तिथे नौदलाची माणसं जहाजांची इंजिनं शिकतात. तिथे बंदुकीचा काय संबंध, असं विचारलं तर आबा म्हणतात, "भिंतीला भिंत हाय. वास लागतोच."

पण परीक्षा मात्र पक्की. नळी उजेडाकडे धरून आतले आटे बघितले. त्या दिवशी धुक्यामुळे उजेडच नव्हता, म्हणून मोबाइलची बॅटरी लावली. बिजागरीला खेळ आहे का, हे कानाशी हलवून ऐकलं. घोडा चढवून सिलिंडर डगमगतो का ते पाहिलं, आणि घोडा अंगठ्याने धरून अलगद खाली सोडला. मग विचारलं, "पावसाळे किती खाल्ले?"

"सहा."

"तेल?"

दादा गप्प. आबांनी मान हलवली. "आपल्याकडं पापड वाळत न्हाईत, दादा. लोखंडाचं काय घिऊन बसलास?"

"लोखंड नाही, टायटॅनियम आहे," दादा उसळले. "निर्भीक म्हणतात याला. कानपूरचं, .३२ बोअर. अर्धा किलो फक्त!"

"अर्धा किलो," आबा म्हणाले, "म्हंजी चिक्कीचं एक पाकीट." आणि त्यांनी ते तळहातावर तोललं. "ह्येच का ते, दागिन्याच्या डबीत घालून इकत व्हते ते? बायामान्सांसाठी काढल्यालं?"

दादांचा चेहरा पडला. निर्भीक २०१४ साली निघालं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, आणि जाहिरात खरंच स्त्रियांच्या संरक्षणाची होती. ही गोष्ट दादांनी सहा पावसाळे शर्टाखाली दडवली होती. तरी त्यांनी दोन लाख सांगितले. म्हणाले, "जुन्या विलायती वेब्लीचे भाव बघा, कुठच्या कुठे गेलेत!"

"जातीलच. ऐंशीच्या दशकात भायेरून आणायचं बंद झालं. हायेत तीच ह्या घरातून त्या घरात फिरत्यात. कानपूरचा कारखाना बंद पडलाय का?"

दादांनी शेवटचं पान टाकलं. "एक गोळी उडवलेली नाही, आबा! नव्यासारखंच आहे."

हे खरं होतं. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांच्या कैदेपर्यंत जातं, आणि दादांना वरातीतून घरीच जायचं असे. शिवाय निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, विधानसभा, लोकसभा. सहा वर्षांत या रिव्हॉल्वरने दादांच्या कमरेपेक्षा ठाण्याचं कपाटच जास्त पाहिलं.

"गोळी न्हाई उडवली, पण रुबाब उडवलास का न्हाई?" आबा म्हणाले. "त्यो घसारा कोन धरनार?"

मग त्यांनी दोघांना समोर बसवून इतिहास सांगितला. फेब्रुवारी १६६१. मोगलांचा कारतलबखान ह्याच कुरवंडे घाटानं फौज घेऊन खाली उतरला. उंबरखिंडीत महाराजांनी दोन्ही तोंडं बंद केली. शेवटी त्याच्याच फौजेतल्या रायबागनचं ऐकून खान शरण आला, खंडणी दिली, सामानसुमान जागेवर टाकलं आणि जीव घेऊन गेला. "त्यानं काय इचारलं का, माज्या तलवारीचं किती येत्याल म्हून? ज्याला अडचन हाय, त्याच्या हत्याराला भाव नसतो."

दादांच्या हप्त्यांचा उल्लेख आबांनी केला नाही. गरजही नव्हती.

मग उपरणं निघालं. आबांनी ते दादांच्या हातावर टाकलं, खाली बोटं दाबली. मग घेणाऱ्याच्या हातावर. बैलबाजारात आकडा तोंडाने बोलायचा नसतो, म्हणजे कुणाची इज्जत जात नाही. इज्जत राहिली. आकडा मात्र संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ होता: पाऊण लाख.

कायद्याने ठाण्यात लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. आबांना ही अट फार आवडली. "बैलसुदिक औताला धरून बघत्यातच की." पंचेचाळीस दिवस उलटले, कागद झाले, रिव्हॉल्वर पलीकडच्या वाडीला गेलं. नवा मालक ते लावून एका लग्नाला आला. कुणाचं लक्ष गेलं नाही. दोनदा शर्ट वर केला, तरी नाही.

तेवढ्यात दादा आले. कंबर मोकळी, पण उजवा हात सवयीने अंगापासून चार बोटं लांबच. पुढची दोन माणसं आपोआप बाजूला झाली, खुर्ची पुढे आली.

नवा मालक आबांकडे रडवेला होऊन आला. आबांनी दुसरा कप संपवला.

"म्हून तर पाऊन लाख म्हनलो. उरल्यालं पैसं त्या हाताचं व्हतं. आन् त्यो हात त्यानं इकला न्हाई."