मॅक्स स्टील आणि आठ-दहा प्रेक्षक

‘मॅक्स स्टील’ हा मॅटेल या अमेरिकी कंपनीच्या खेळण्यावर बेतलेला किशोरवयीन सुपरहीरोचा चित्रपट १४ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन स्ट्युअर्ट हेंडलर यांचे, पटकथा ख्रिस्तोफर योस्ट यांची. मॅक्सच्या भूमिकेत बेन विंचेल, त्याच्या आईच्या भूमिकेत मारिया बेलो आणि दिवंगत वडिलांचा जुना सहकारी म्हणून अँडी गार्सिया. लांबी ९२ मिनिटे, खर्च सुमारे १ कोटी डॉलर. सुपरहीरोंच्या धंद्यात एवढ्या पैशांत नायकाचा पोशाख शिवून होतो. खलनायकाला उधारीवर बोलवावे लागते.

मूळ खेळणे नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. हा बारा इंची, पिळदार बाहुला. २००० ते २००२ या काळात त्याच्यावर अॅनिमेशन मालिका चालली. तिच्यातला नायक एकोणीस वर्षांचा, साहसी खेळांत तरबेज आणि शिवाय गुप्तहेर. शाळा-कॉलेज, परीक्षा, उपस्थिती यांचा त्याला फारसा उपद्रव नव्हता. अमेरिकेत त्याची लाट लवकर ओसरली, पण लॅटिन अमेरिकेत त्याने ठाण मांडले. तिथल्या मुलांसाठी २००४ पासून पुढे कित्येक वर्षे त्याचे अॅनिमेशनपट थेट डीव्हीडीवर येत राहिले. बाहुला तोच, मोहिमेगणिक पोशाख आणि हत्यारे निराळी, आणि प्रत्येक मोहिमेचा खर्च आईबापांकडे. २०१३ मध्ये कंपनीने सगळे पुसून नवा मॅक्स आणला. हा वयाने लहान, अंगातून ऊर्जा निर्माण होणारा, आणि सोबतीला स्टील नावाचा परग्रहावरचा बोलका यंत्रजीव. चित्रपट या नव्या मॅक्सचा आहे. जुन्या मॅक्सवर वाढलेल्यांना ही गोष्ट विश्वासघातासारखी वाटली.

चित्रपटाचा बेत मात्र नव्या मॅक्सच्याही आधीचा. त्या वेळी नायक म्हणून ‘ट्वायलाइट’मुळे गाजलेल्या टेलर लाउटनरचे नाव ठरले होते. त्याने हे खेळणे सोडून दुसऱ्या खेळण्याचा, म्हणजे ‘स्ट्रेच आर्मस्ट्राँग’चा, चित्रपट स्वीकारला. स्ट्रेच आर्मस्ट्राँग हा हातपाय ओढले की लांबणारा रबरी बाहुला. त्याचा चित्रपटही लांबत गेला आणि आलाच नाही. ‘मॅक्स स्टील’चे चित्रीकरण अखेर २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे झाले आणि प्रदर्शनाला आणखी दोन वर्षे लागली. नवी मालिका सुरू झाली तेव्हा नऊ वर्षांचे असलेले पोर चित्रपट येईपर्यंत बारा वर्षांचे झाले होते. नवव्या वर्षी बाहुला उशाशी लागतो. बाराव्या वर्षी तो मित्रांच्या नजरेस पडू नये म्हणून पलंगाखाली जातो. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया समजून घेताना हा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

या प्रतिक्रियांचे पाच प्रकार पडतात.

पहिला आणि सर्वांत मोठा प्रकार न आलेल्यांचा. चित्रपट २,००० हून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे २२ लाख डॉलर मिळवले. म्हणजे एका चित्रपटगृहाच्या वाट्याला हजार-अकराशे डॉलर. त्या वर्षी अमेरिकेत तिकिटाची सरासरी किंमत साडेआठ डॉलरच्या थोडी वर होती. त्या दराने तीन दिवसांत माणसे होतात सव्वाशे, आणि दिवसाचे चार-पाच खेळ धरले तर एका खेळाला आठ-दहा. त्यात मुलाला सोडायला आलेले आणि बाहेर थंडी म्हणून आत बसलेले पालकही मोजले आहेत. जगभरातील एकूण कमाई ६३ लाख डॉलरच्या आसपास थांबली, म्हणजे खर्चही निघाला नाही. न आलेल्या प्रेक्षकाचे मत सहसा कोणी विचारत नाही, तरी निर्मात्याला तेच सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

दुसरा प्रकार समीक्षकांचा. ते पैसे न भरता येतात आणि तरीही तक्रार करतात. दोन समीक्षक एका चित्रपटावर एकमत झाल्याची उदाहरणे विरळ. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर मात्र ‘मॅक्स स्टील’ला शून्य टक्के मिळाले, म्हणजे नोंदलेल्या परीक्षणांपैकी एकही अनुकूल निघाले नाही. शून्य मिळवणे वाटते तितके सोपे नसते. शंभरातला एखादा समीक्षक विक्षिप्त म्हणून, एखादा दयाळू म्हणून आणि एखादा झोप लागल्यामुळे बरे लिहून जातो. इथे तिघेही जागे राहिले. त्यांचा मुख्य आक्षेप असा की सुपरहीरोच्या चित्रपटात सुपरहीरो फारच उशिरा येतो.

आक्षेप कथानक पाहता पटण्यासारखा आहे. अकरावी-बारावीच्या वयाचा मॅक्स आईबरोबर कॉपर कॅन्यन या गावी परततो. तिथेच त्याच्या वडिलांचा गूढ मृत्यू झालेला असतो. मुलाच्या हातांतून निळसर ऊर्जा झिरपू लागते, आसपासची विजेची उपकरणे बिघडतात, आणि आई काही सांगत नाही. मग स्टील भेटतो. तो विनोद करतो. दोघांचा मेळ बसून पोशाख पूर्ण चढेपर्यंत चित्रपट उतरणीला लागलेला असतो. दरम्यान अँडी गार्सिया इतक्या आपुलकीने मॅक्सची विचारपूस करतो की खलनायक कोण, हे प्रेक्षकाला मॅक्सच्या पुष्कळ आधी कळते. वडिलांचा जुना सहकारी घरच्यांशी फार गोड बोलू लागला की जमिनीची कागदपत्रे तपासावीत, एवढे मराठी नाटकाचा प्रेक्षक पहिल्या अंकातच जाणतो.

तिसरा प्रकार जुन्या चाहत्यांचा. हा प्रेक्षक पंचविशीच्या आसपासचा. तो चित्रपट पाहायला येत नाही, तपासायला येतो. मॅक्सचे केस, पोशाखाचा निळा, नायकाचे वय आणि खलनायकांची गैरहजेरी या सर्वांची नोंद त्याच्यापाशी तयार असते. असा चाहता मॅक्सलाच भेटतो असे नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ पाहून महाराष्ट्रातल्याही मुलांनी पट्टी उगारत घर दणाणून सोडले होते. त्याच ही-मॅनवर १९८७ मध्ये डॉल्फ लुंडग्रेनला घेऊन अमेरिकेत चित्रपट निघाला, तेव्हा त्याला आपले अद्भुत जग सोडून बराच वेळ पृथ्वीवर हिंडावे लागले. खेळण्यातल्या वीराला पहिली शिक्षा हीच मिळते: त्याला अमेरिकेतल्या एखाद्या साध्या गावात आणून ठेवतात, कारण तिथे रस्ते आणि घरे आयती मिळतात. ‘जेम अँड द होलोग्राम्स’ हा दुसऱ्या एका खेळणी-मालिकेवरचा चित्रपट २०१५ मध्ये आला. तोही जुन्या चाहत्यांना इतका परका वाटला की दोन आठवड्यांत चित्रपटगृहांतून उतरवावा लागला.

चौथा प्रकार किशोरांचा. चित्रपट त्यांच्यासाठी होता, निदान कागदोपत्री. अंगात अचानक बदल होतात, हातातून भलतेच काही बाहेर पडते, दार लावून बसावे लागते आणि आईपासून सगळे लपवावे लागते, ही रूपककथा पटकथेत गंभीरपणे मांडली आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा गट मागच्या रांगेत बसला असेल, तर अशा प्रसंगांना मिळणारे हसे लेखकाच्या हिशेबात नसते. या वयाला स्वतःवरचे रूपक इतरांच्या आधी कळते आणि ते मोठ्याने कळते.

पाचवा प्रकार लहान मुले आणि त्यांचे पालक यांचा. खेळणे हातात धरण्याचे वय सहा-सात. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाले तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे. जो खेळतो त्याला बंधन आणि ज्याला मोकळीक तो खेळत नाही, अशी ही सोय. तरीही आत पोहोचलेले मूल सर्वांत उदार प्रेक्षक असते. शेवटच्या मारामारीत ते खूश होते आणि बाहेर पडताना एकच प्रश्न विचारते: ‘हा दुकानात मिळतो का?’ कंपनीच्या दृष्टीने हेच परीक्षण महत्त्वाचे. पालकांच्या दृष्टीने तोच तिकिटाचा दुसरा हप्ता.

पाचही प्रकारांमागचे कारण एकच आहे. खेळण्याचा डबा उघडला की मॅक्स पोशाख घालून, मूठ वळून तयार असतो. पहिल्या मिनिटाला लढाई आणि दुसऱ्या मिनिटाला विजय. आवाज मुलाचा, कथा मुलाची, पार्श्वसंगीतही तोंडाने. चित्रपटाने हेच सगळे तासाभराच्या समजावणीनंतर दिले आणि त्याचे पैसे मागितले. ज्या चित्रपटांनी खेळण्याला काही जास्तीचे दिले ते चालले. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ने २००७ मध्ये मोटारीचा यंत्रमानव क्षणात करून दाखवला, हातातल्या खेळण्यात तेवढ्यासाठी दहा मिनिटे आणि एक चाक जाते. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’ने खेळणाऱ्या मुलालाच कथेत घेतले आणि विटा गोंदाने चिकटवून ठेवणाऱ्या बापाला जाब विचारला. मॅटेलला हे ‘बार्बी’पर्यंत उमगले. २०२३ च्या त्या चित्रपटाने बाहुलीवरच्या तक्रारी बाहुलीच्याच तोंडी घातल्या आणि जगभरात १४० कोटी डॉलरहून अधिक कमावले. प्रेक्षक गुलाबी कपडे घालून आले. जुने चाहतेसुद्धा, आणि तेही तपासायला नव्हे.

त्यानंतर कंपनीच्या नियोजित चित्रपटांची यादी चर्चेत आली. तीत ‘हॉट व्हील्स’च्या मोटारी आहेत, ‘पॉली पॉकेट’ आहे आणि ‘उनो’ हा पत्त्यांचा खेळही आहे. पाचांपैकी एका प्रेक्षकाची धास्ती ‘उनो’च्या निर्मात्यांना नाही. लाल रंगाचे पान पडद्यावर वेगळे दिसते, आमच्या लहानपणी असे नव्हते, असे म्हणणारा जुना चाहता शोधून सापडायचा नाही. नियमांवरून भांडणारे मात्र प्रत्येक रांगेत असतील.